चश्मा उतरला, पण रात्र कशी दिसते? लेसर शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाल्यावर

लेसरने डोळ्यांचा नंबर घालवून मला आता दीड वर्ष होत आलं. दिवसा मला आज जितकं स्वच्छ दिसतं तितकं चश्म्यातून कधीच दिसलं नव्हतं. रात्रीचंही चांगलं दिसतं, पण ते चश्म्यातल्या रात्रीसारखं नाही. हा फरक आधी कुणी नीट सांगितला तर माणूस शांत डोक्याने निर्णय घेतो. मला तो सांगणाऱ्या डॉक्टर भेटल्या. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तशा भेटल्या नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे चौकशी ‘चश्मा गेला ना?’ इथेच थांबते आणि उत्तरही ‘हो, गेला’ एवढंच मिळतं. नजर कशी आहे, हा विषय निघतच नाही.

मी राहते वाईत आणि पाचगणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रोज पसरणी घाट दुचाकीवरून चढायचा आणि उतरायचा. हिवाळ्यात परतताना अंधार झालेला असतो. वसतिगृहातल्या मुलांना घेऊन टेबल लँडवर आकाश बघायला जाणं हा माझा आवडता उद्योग. म्हणजे दिवसा फळा, रात्री घाट आणि त्याहून उशिरा तारे, या तिन्ही ठिकाणी मला नजर लागते. माझा नंबर उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच आणि थोडा सिलिंडर, डाव्याला सव्वापाच. चश्मा चौथीत लागला. वय बत्तीस, आणि शस्त्रक्रियेआधी बरीच वर्षं नंबर हललेला नव्हता.

रुग्णालय पुण्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथे मला जे आवडलं आणि जे खटकलं ते दोन्ही बहुतेक ठिकाणी तसंच सापडेल. खटकलं ते समुपदेशनाच्या टेबलावर. तिथल्या मुलीने चकचकीत पत्रक पुढे केलं आणि ‘मॅम, एकदम एचडी व्हिजन मिळेल’ म्हणाली. तीन पॅकेजं, तीन दर, आणि महाग ते चांगलं असा सगळा सूर. रात्रीच्या दिव्यांबद्दल विचारलं तर ‘ते काही दिवस असतं, मग जातं’ एवढंच उत्तर. नव्वद टक्के लोक या टेबलावरच निर्णय घेत असतील असं मला वाटतं, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

त्यानंतर डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही रात्री गाडी चालवता का?’ मी घाटाचं सांगितलं, ताऱ्यांचंही सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तक्ता तुम्ही नक्की वाचाल. पण तक्ता उजेडात असतो आणि त्यावरची अक्षरं काळीकुट्ट असतात. तुमचं काम अंधारातलं आहे, तर आपण अंधारातलं बोलू.’

हे बोलणं इथे पुढे लिहायलाच हवं. आपण ज्याला सिक्स बाय सिक्स म्हणतो ते माप हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 साली काढलेल्या तक्त्यावरून आलं. सहा मीटरवरून साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता आलं की सिक्स बाय सिक्स. पांढऱ्यावर काळं, भरपूर उजेड, बाहुली लहान झालेली. घाटातलं वळण, राखाडी रस्ता, राखाडी दगड, त्यात समोरून येणारा एलईडीचा झोत, याची परीक्षा हा तक्ता घेत नाही. त्यासाठी दुसरा तक्ता आहे, पेली-रॉबसन नावाचा, 1988 सालचा. त्यावर सगळी अक्षरं एकाच आकाराची आणि चांगली मोठी असतात, फक्त तीन-तीनच्या गटाने फिकट होत जातात, शेवटी कागदात विरून जातात. मी मागितल्यावर रुग्णालयाने ही चाचणी आधीही केली आणि नंतरही केली. मागितली नसती तर केली नसती, असं तिथल्या तंत्रज्ञानेच सांगितलं.

अंधारात माझी बाहुली किती मोठी होते ते यंत्राने मोजलं. सात मिलिमीटरच्या थोडी वर. आणि लेसर कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, ज्या गोलात पूर्ण नंबर काढणार होता, त्याचा व्यास साडेसहा. त्याच्या भोवती एक संक्रमणाचा पट्टा असतो, तिथे उपचार हळूहळू शून्यावर येतो. म्हणजे काळोखात माझ्या बाहुलीच्या कडेने येणारा प्रकाश त्या पट्ट्यातून येणार. मॅडमनी कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली आणि म्हणाल्या, ‘रात्री दिव्यांभोवती खळं दिसेल. पहिले काही महिने जास्त, मग कमी. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. आणि दोष एकट्या बाहुलीचा नसतो. मूळ नंबर किती होता आणि नंतर किती उरला, यावरही ते अवलंबून आहे.’

मग हा गोल सात मिलिमीटरचा का नाही करायचा, असं मी विचारलं. त्यावर मिळालेलं गणित मी नंतर वर्गातही सांगितलं. एका नंबरामागे कॉर्निया किती खरवडावा लागतो? गोलाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा, तिनाने भागायचं, उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. सहाच्या गोलाला नंबरमागे बारा मायक्रॉन, साडेसहाला चौदा, सातला सोळाच्या वर. माझ्या साडेपाच नंबराला साडेसहाच्या गोलात सत्त्याहत्तर आणि सातच्या गोलात नव्वद. माझा कॉर्निया 508 मायक्रॉन जाडीचा. लेसरआधी कापून बाजूला उचलायची वरची पापुद्र्याची झडप 110 मायक्रॉनची. राहिले 321, किंवा मोठा गोल घेतला तर 308. निदान अडीचशे मायक्रॉन खाली शिल्लक राहायलाच हवेत हा सर्वमान्य नियम. मॅडम स्वतः तीनशेच्या खाली जात नाहीत. शिवाय प्रत्यक्षात यंत्र या सूत्रापेक्षा थोडं जास्तच काढतं, आणि पुढे नंबर जरासा परत आला तर दुरुस्तीला जागा हवी. त्यामुळे साडेसहा. रात्रीची नजर आणि कॉर्नियाची ताकद यांतला हा सौदा आहे, आणि तो माझ्यासमोर उघड मांडला गेला. मला रुग्णालयाबद्दल जी काही कृतज्ञता आहे ती या अर्ध्या तासासाठी आहे.

शस्त्रक्रिया फेम्टो लेसिकची, म्हणजे झडपही लेसरनेच कापायची. ती पटकन सांगते, कारण ती खरोखरच पटकन होते. थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. झडप कापणाऱ्या यंत्राने डोळा ओढून धरला की दाब येतो आणि काही क्षण दिसायचं बंद होतं. आधी सांगितलेलं असेल तर भीती वाटत नाही. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. केस जळल्यासारखा वास येतो. पण जळत काहीच नसतं. 193 नॅनोमीटरचा हा अतिनील लेसर उष्णतेने भाजत नाही, रेणूंचे बंध तोडून कॉर्नियाचा पातळ थर वाफेसारखा उडवतो. हे ज्यांनी शोधलं त्यांत आपले मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत 1981 साली, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की नेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने मांसावर, कडा न करपवता, रेघ कोरून पाहिली. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा सिक्स बाय सिक्स होतं.

आता दिवसाची नजर. सगळ्यात आधी जाणवतं ते वस्तूंचं मोठं होणं. मायनसचा चश्मा सगळं लहान करून दाखवतो. माझ्या नंबराला साधारण सहा टक्के. बावीस-तेवीस वर्षं मी सहा टक्के लहान जग बघत होते. धोम धरणाच्या बाजूचे डोंगर जवळ आल्यासारखे वाटले, नवऱ्याचा चेहरा मोठा वाटला. दुसरी गोष्ट कडांची. जाड नंबराची पातळ काच म्हणून आपण जी महागडी भिंगं घेतो, ती प्रकाशाचे रंग फोडतात. नजर काचेच्या मधून न जाता कडेने गेली की ट्यूबलाइटला एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी किनार दिसते. मला ती इतकी सवयीची होती की ती काचेमुळे आहे हेही विसरले होते. आता ती किनार नाही. डोळा कुठेही फिरवा, मान न वळवता, तितकंच स्वच्छ.

तिसरी गोष्ट पावसाची, आणि पाचगणीला शिकवणाऱ्या माणसासाठी ती मोठी आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली. घाटात पाऊस, वर दाट धुकं. एरवी हेल्मेटची काच, तिच्या आत चश्मा, दोन्हींवर पाणी आणि आतून वाफ. एका वळणावर थांबून ओढणीच्या टोकाने पुसायचं, पुढच्या वळणावर पुन्हा तेच. यंदा नुसती हेल्मेटची काच वर केली आणि समोरचा रस्ता दिसला. चहाचा कप तोंडाशी नेला तरी वाफ कशावरच धरत नाही. शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचा खडू वाचता येतो का ते मी मुद्दाम पाहिलं. वाचता येतो, आणि फिकट पिवळा खडूही.

रात्र मात्र पहिल्याच आठवड्यात समोर आली. उन्हाळी सुट्टी होती, आकाश अजून मोकळं होतं आणि सप्तर्षी उत्तरेला वर चढलेले. मी गच्चीवर जाऊन वसिष्ठ शोधला. वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती, लग्नात दाखवतात ती, ही नजरेची आपल्याकडची सर्वांत जुनी परीक्षा. दोघांत बारा कलांचं अंतर, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षाही कमी. चश्म्यातून मला ती नेहमी स्पष्ट दिसायची. त्या रात्री वसिष्ठाला सगळीकडून टोकं फुटली होती आणि अरुंधती त्या टोकांत हरवली. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती भुरकट चकती होती, चंद्राला तर कोरड्या आकाशातही खळं पडलेलं. मला आधी सांगितलेलं होतं, तरी छातीत धस्स झालं. ज्यांना कुणी काहीच सांगितलेलं नसतं त्यांचं त्या पहिल्या रात्री काय होत असेल?

मी एका जाड पुठ्ठ्याला दोनेक मिलिमीटरचं भोक पाडलं आणि त्यातून दिवा पाहिला. खळं नाहीसं झालं, टोकं नाहीशी झाली, दिव्याचा नुसता ठिपका राहिला. हे तुम्हीही करून बघा. भोकातून बघताना कॉर्नियाचा फक्त मधला भाग वापरला जातो. त्यातून स्वच्छ दिसलं तर दोष कडेच्या भागातल्या प्रकाशाचा, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) आणि बाकी डोळा ठीक असण्याची शक्यता मोठी. माझी निम्मी काळजी त्या पुठ्ठ्याने घालवली.

दोषाचं नाव गोलीय विपथन. निसर्गतः कॉर्निया मध्यभागी जास्त वक्र असतो आणि कडेला सपाट होत जातो. मायनस नंबर काढताना लेसर मधला भाग सपाट करतो, त्यामुळे कडा तुलनेने जास्त वक्र उरते. कडेतून आलेले किरण जास्त वळतात आणि पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. दिवसा बाहुली लहान, तर या किरणांना वाटच नसते. रात्री बाहुली उघडते आणि ते आत येतात. आकाश बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण हबल दुर्बिणीचं नेमकं हेच झालं होतं. 1990 साली ती वर गेली तेव्हा तिच्या 2.4 मीटरच्या आरशाची कडा 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, आणि प्रत्येक ताऱ्याभोवती पसारा दिसत होता. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची उपकरणं बसवली तेव्हा तो गेला. डोळ्यातली ही विपथनं मोजायचं तंत्रही दुर्बिणींकडूनच आलं. ताऱ्यांचा प्रकाश वातावरणात किती विस्कटतो ते मोजायला जो शॅक-हार्टमन संवेदक वापरतात, तोच 1994 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसाच्या डोळ्यावर वापरला. माझ्या उजव्या डोळ्याचा असा नकाशा मी पाहिला, तेव्हा एका टोकाला प्रकाश धूमकेतूच्या शेपटीसारखा थोडा ओढलेला होता. याला कोमा म्हणतात, दुर्बिणीतही हेच नाव. उपचाराचा गोल बाहुलीच्या केंद्रापासून किंचित सरकला की हे होतं. माझ्यात ते थोडं आहे, उजव्याच डोळ्यात, आणि फक्त व्याधासारख्या झगझगीत ताऱ्यावर कळतं.

हे फक्त माझ्याबाबतीत घडतं असं कुणी समजू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या संरक्षण खात्याबरोबर आणि राष्ट्रीय नेत्रसंस्थेबरोबर प्राउल नावाचे दोन अभ्यास केले. एकात नौदलातले लोक, दुसऱ्यात सर्वसामान्य नागरिक, मिळून साडेपाचशेहून अधिक. निष्कर्ष 2017 साली छापले गेले. ज्यांना आधी खळं, टोकं, झगझग, दुहेरी प्रतिमा यांतलं काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यांतलं निदान एक लक्षण नव्याने दिसलं. सगळ्यांत जास्त खळं. त्याच अभ्यासात, या लक्षणांमुळे रोजची कामं करणं फार अवघड झालेले लोक एक टक्क्याहूनही कमी होते. आणि ज्यांना चश्म्यात वा लेन्समध्ये आधीच असं काही दिसत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं ते कमीही झालं. हे सगळे आकडे एकत्र वाचावेत. पहिलाच आकडा वाचणारा घाबरून जाईल, आणि दुसराच वाचणाऱ्याची तयारी अपुरी राहील.

पावसाळ्याचे चार महिने आकाश नव्हतंच. दिवाळीनंतर पुन्हा टेबल लँडवर गेलो तेव्हा मी कृत्तिका मोजल्या. चश्म्यात सहा दिसायच्या, लहान मुलांना सात दिसतात. मला पाच दिसल्या आणि सहावी कधी असायची, कधी नसायची. जानेवारीच्या कोरड्या, अमावास्येच्या जवळच्या रात्री सहा नीट दिसल्या. एप्रिलमध्ये अरुंधतीही वसिष्ठापासून सुटी झाली. वसिष्ठाला टोकं अजून आहेत, पण आखूड. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचं खळं मी लक्ष देऊन शोधलं तरच सापडतं. पांढऱ्या एलईडीचं अजूनही न शोधता दिसतं. पेली-रॉबसन तक्त्यावर पहिल्या महिन्यात मी आधीपेक्षा एक गट कमी वाचला होता, वर्षानंतर बरोबरीला आले. काही सुधारणा कॉर्निया बरा झाल्याची आणि काही मेंदूला सवय झाल्याची, असं मॅडम म्हणाल्या. त्यांतला वाटा कुणाचा किती हे मला वेगळं करता येत नाही.

घाटाचं मात्र वेगळं सांगायला हवं. उतरताना समोरून बस चढत असते, तिचे दिवे वरच्या उंचीला असतात. त्या झोतात रस्त्याची पांढरी पट्टी क्षणभर पुसली जाते. हे चश्म्यातही व्हायचं, काचेवर ओरखडे असले की जास्तच, पण आता जरा अधिक होतं. वर्षाच्या तपासणीत उजव्या डोळ्याला मायनस अर्धा आणि डाव्याला पाव एवढा नंबर उरलेला निघाला. दिवसा तो जाणवतही नाही. मॅडमनी तेवढ्याच नंबराचा, काचेवर परावर्तन-रोधक थर असलेला चश्मा फक्त रात्रीच्या गाडीसाठी करून दिला. लावला आणि पट्टीची कड परत आली, खळं आवळलं गेलं. ‘एवढे पैसे घालून पुन्हा चश्मा?’ असं घरात बोललं गेलं. मला त्याचं काही वाटत नाही. तो गाडीच्या डिकीत असतो आणि अंधार पडला की लावते. अंधारात उरलेला बारीकसा नंबर मोठा होतो, हे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने तपासून घ्यावं. बाहुली जास्त उघडू नये म्हणून संध्याकाळी घालायचे थेंबही असतात. मला त्यांची गरज वाटली नाही. कुणाला वाटलीच तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

कोरडेपणा हा नजरेचाच भाग आहे, हे मला अनुभवाने कळलं. अश्रूंचा पातळ थर ही डोळ्याची सर्वांत बाहेरची काच. तो फाटला की समोरची अक्षरं पसरतात, पापणी मिटली की परत जुळतात. झडप कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्या परत वाढायला महिने लागतात, आणि तोवर डोळा स्वतःहून पुरेसं पाणी आणत नाही. सुरुवातीला वह्या तपासताना तासाभराने ओळी भुरकट व्हायच्या, डोळे चुरचुरायचे. थेंब घातला की लगेच स्वच्छ. संरक्षक रसायन नसलेल्या छोट्या कुप्यांचे थेंब महाग पडतात, तरी पहिल्या काळात तेच घ्या, कारण दिवसातून अनेकदा घालावे लागतात. आता मला थेंब क्वचित लागतात, वातानुकूलित गाडीत लांबचा प्रवास असला तरच. शस्त्रक्रियेआधी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. ती चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्यांचे डोळे आधीच कोरडे, त्यांची नजर नंतर दिवसभर वर-खाली होत राहू शकते.

एक गोष्ट गेली, तिची हळहळ आहे. साडेपाच नंबराचा माणूस चश्मा काढला की त्याला सात-आठ सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. मी फूल डोळ्याला लावून परागकोष बघायची, मुंगीचे सांधे बघायची, मुलांच्या बोटातला काटा असाच काढायची. ते जन्माचं भिंग लेसरने नेलं. आता गळ्यात दहापटीचं भिंग असतं. पस्तिशी-चाळिशीच्या लोकांनी हे जास्त मनावर घ्यावं. शिवणकाम करणारे, सोनारकाम करणारे, घड्याळं दुरुस्त करणारे आज चश्मा काढून बारीक काम करतात. नंबर घालवला की चाळिशीनंतर त्यांना जवळच्या चश्म्याशिवाय चालणार नाही. लेसर चाळिशी थांबवत नाही.

पैशांचं थोडक्यात. दोन्ही डोळ्यांचे मिळून मला पंच्याऐंशी हजार पडले, थेंब आणि तपासण्या वेगळ्या. आरोग्य विम्यातून काही मिळालं नाही. साडेसात नंबराच्या आतल्या दोषाच्या दुरुस्तीचा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत, पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पत्रकावरची सर्वांत महाग पद्धत म्हणजे लहान छेदातून आतली चकती काढायची. तिच्यात झडप नसते आणि नसा कमी कापल्या जातात, हा खरा फायदा आहे. पण मधला कॉर्निया तिथेही सपाटच होतो, तेव्हा रात्रीच्या खळ्यातून ती पूर्ण सोडवेल असं समजून जास्तीचे पैसे देऊ नयेत. आणि शस्त्रक्रियेने डोळ्याची लांबी बदलत नाही. मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला असतो, आणि पडदा फाटण्याचा धोका चश्मा गेल्यावरही तेवढाच राहतो. मी दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घेते. अचानक काळे ठिपके वाढले किंवा कडेला चमक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

माझं पाहून मावसबहिणीलाही करून घ्यायचं होतं. तिचा नंबर साडेनऊ, कॉर्निया 492 मायक्रॉनचा. त्याच मॅडमकडे तिला घेऊन गेले. त्यांनी तेच सूत्र कागदावर मांडलं. साडेसहाच्या गोलाला 133 जाणार, झडपेचे 110, खाली उरणार 249. गोल लहान केला तर आकडा बसवता येईल, पण मग रात्रीचं खळं मोठं. ‘तुमच्या डोळ्यावर मी लेसर करणार नाही,’ त्यांनी तिला सरळ सांगितलं. ती हिरमुसली. बाहेर समुपदेशनाच्या टेबलावर पॅकेजचं पत्रक तसंच पडलेलं होतं, तिने ते उचललं नाही. आता कॉर्निया न खरवडता बाहुलीच्या मागे बसवायच्या लेन्सचा विचार चालू आहे. त्या लेन्सच्या मधोमध बारीक छिद्र असतं आणि त्याचंही एक कडं काही जणांना सुरुवातीला दिसतं, हे मॅडमनी न विचारता सांगितलं. पुढच्या महिन्यात डोळ्याच्या आत लेन्सला जागा पुरेशी आहे का ते मोजायचं आहे, आणि अंधारातली बाहुलीही.